लाइटनिंग नेटवर्कमधील मार्गशोधन

लाइटनिंग नेटवर्कमधील मार्गशोधन म्हणजे बिटकॉइन या कूटचलनाच्या 'लाइटनिंग नेटवर्क' नावाच्या देयक-जाळ्यात, पैसे देणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत रक्कम कोणकोणत्या मध्यस्थांमार्फत न्यावयाची हे ठरवण्याची प्रक्रिया होय. हे काम प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर चालणारी आज्ञावली करते. या जाळ्याला मध्यवर्ती कार्यालय नाही. भारतातील यूपीआय व्यवहारांत संदेश कोठून कोठे जावा हे भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाची मध्यवर्ती यंत्रणा पाहते. लाइटनिंगमध्ये मात्र संपूर्ण मार्ग पैसे देणाऱ्यालाच शोधावा लागतो, आणि तोही अपुऱ्या माहितीच्या आधारे. त्यामुळे मार्गशोधनाच्या आज्ञावलीची देखभाल व सुधारणा हा या जाळ्याच्या विश्वासार्हतेचा कळीचा प्रश्न ठरला आहे.

पार्श्वभूमी

बिटकॉइनचे जाळे जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. त्यातील प्रत्येक व्यवहार 'ब्लॉकचेन' या सार्वजनिक खतावणीत नोंदवला जातो. या खतावणीचे नवे पान, म्हणजे ब्लॉक, सरासरी दहा मिनिटांनी तयार होते. ब्लॉकचा आकार मर्यादित असल्याने सेकंदाला साधारण सातच व्यवहार त्यात सामावतात. गर्दीच्या काळात नोंदणीचे शुल्क वाढते आणि चहाच्या कपाएवढ्या रकमेच्या व्यवहाराला रकमेहून अधिक शुल्क पडू शकते.

या अडचणीवर जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी २०१५ मध्ये लाइटनिंग नेटवर्कचा प्रस्ताव मांडला. त्याची सुधारित आवृत्ती जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइनमध्ये 'सेगविट' हा बदल लागू झाला. स्वाक्षरीतील फेरफाराने व्यवहाराचा ओळखक्रमांक बदलण्याची जुनी त्रुटी त्यामुळे दूर झाली आणि लाइटनिंगची वाट मोकळी झाली. २०१८ पासून खऱ्या पैशांचे व्यवहार या जाळ्यावर होऊ लागले.

चॅनेल आणि साखळी

लाइटनिंगचा मूळ घटक म्हणजे दोन नोडमधील 'चॅनेल'. दोन व्यक्ती काही बिटकॉइन अशा संयुक्त खात्यात ठेवतात, की ते खर्च करण्यास दोघांच्याही स्वाक्षऱ्या लागतात. त्यानंतर ही रक्कम आपसांत कशी वाटलेली आहे याचे नवनवे स्वाक्षरित करार ते एकमेकांना देत राहतात. खतावणीत फक्त चॅनेल उघडल्याची आणि बंद केल्याची नोंद होते. प्राथमिक शाळेतील मण्यांची पाटी येथे आठवावी. तारेवरचे मणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतात, परंतु एकूण मणी तेवढेच राहतात. चॅनेलची एकूण क्षमता हे मण्यांची संख्या होय आणि कोणाच्या बाजूला किती मणी आहेत ही त्या क्षणीची शिल्लक होय.

ज्यांच्यात थेट चॅनेल नाही, त्यांच्यातील देयक मधल्या नोडमार्फत जाते. पूर्वीच्या हुंडीच्या व्यवहारातही रक्कम एका पेढीकडून दुसरीकडे अशीच जात असे, परंतु तेथे पेढ्यांचा परस्परांवर विश्वास असे. येथे विश्वासाची जागा एका गणिती अटीने घेतली आहे. घेणारा एक गुपित संख्या निवडतो आणि तिचा 'हॅश', म्हणजे उलट न काढता येणारा गणिती ठसा, देणाऱ्यास कळवतो. साखळीतील प्रत्येक टप्प्यावर अट एकच असते: ठरलेल्या मुदतीत गुपित दाखवणाऱ्यास रक्कम मिळेल, न दाखवल्यास ती परत जाईल. घेणाऱ्याने शेवटच्या टप्प्यावर गुपित उघड केले की तेच गुपित एकेक पाऊल मागे येते आणि प्रत्येक मध्यस्थास त्याचे पैसे मिळतात. मध्येच कोणी अडला तर मुदत संपल्यावर सर्वांचे पैसे परत फिरतात. मध्यस्थाला रक्कम गिळंकृत करता येत नाही, मात्र ती काही काळ अडकवून ठेवता येते.

मार्ग कोण ठरवतो?

संपूर्ण मार्ग देणारा नोड आधीच आखतो. त्यासाठी त्याच्याजवळ जाळ्याचा नकाशा असावा लागतो. प्रत्येक नोड आपल्या सार्वजनिक चॅनेलांची स्वाक्षरित घोषणा शेजाऱ्यांना पाठवतो, शेजारी ती पुढे पाठवतात आणि अशा रीतीने बातमी सर्वत्र पसरते. चॅनेलचे मूळ शुल्क, रकमेच्या प्रमाणातील शुल्क, किमान व कमाल रक्कम आणि मुदतीतील आवश्यक अंतर या गोष्टी घोषणेत असतात. दोन आठवडे ज्या चॅनेलबद्दल नवी घोषणा आली नाही, ते मृत समजून नकाशातून वगळता येते.

मार्ग आखल्यावर देणारा १,३६६ बाइटचे एक सीलबंद पुडके तयार करतो. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्यात कूटलिपीचे थर असतात. प्रत्येक मध्यस्थाला फक्त आपला थर सोलता येतो आणि त्यातून 'पुढे कोणाकडे, किती रक्कम, कोणती मुदत' एवढेच कळते. देयक मुळात कोणाचे आणि शेवटी कोणाचे, हे त्याला कळत नाही. वाटेत पुडक्याचा आकार कमी होत नसल्याने आपण मार्गात कितव्या क्रमांकावर आहोत हेही आकारावरून ओळखता येत नाही. जॉर्ज डॅनेझिस आणि इयन गोल्डबर्ग यांनी २००९ मध्ये मांडलेल्या 'स्फिंक्स' रचनेवर ही पद्धत आधारलेली आहे.

मार्गाची मोजणी

नकाशावरील दोन बिंदूंमधील सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढण्याची प्रसिद्ध रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. लाइटनिंगच्या बहुतेक आज्ञावल्यांचा आरंभ याच रीतीपासून झाला. मात्र येथे मोजणी घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे, म्हणजे उलट दिशेने करावी लागते. कारण प्रत्येक मध्यस्थाचे शुल्क त्याने पुढे पाठवायच्या रकमेवर अवलंबून असते आणि त्या रकमेत पुढील मध्यस्थांचे शुल्क समाविष्ट असते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. बिटकॉइनच्या दहा कोटीव्या भागास 'सातोशी' म्हणतात आणि लाइटनिंगमध्ये हिशेब सातोशीच्या हजाराव्या भागापर्यंत ठेवला जातो. अनघाला दामोदरास १,००,००० सातोशी द्यावयाचे असून मार्गात भास्कर व चित्रा हे मध्यस्थ आहेत, असे समजू.

चित्राचे मूळ शुल्क १ सातोशी आणि प्रमाणशुल्क दहा लाखांस २०० असल्यास तिचे एकूण शुल्क १ + २० = २१ सातोशी होते. म्हणून भास्करने तिला १,००,०२१ सातोशी द्यावयास हवेत. भास्करचे मूळ शुल्क १ सातोशी आणि प्रमाणशुल्क दहा लाखांस ५०० असल्यास त्याचे शुल्क १,००,०२१ या रकमेवर ५१.०१ सातोशी होते. अनघाला एकूण १,००,०७२.०१ सातोशी पाठवावे लागतात. स्वतःच्या चॅनेलवरून पाठवण्याचे शुल्क ती स्वतःला देत नाही, म्हणून पहिल्या टप्प्याचा खर्च शून्य.

मुदतीचा हिशेबही असाच मागून पुढे येतो. दामोदरास १८ ब्लॉकची मुदत हवी, चित्रा ४० ब्लॉकचे अंतर मागते आणि भास्कर ८० ब्लॉकचे. तर शेवटच्या टप्प्याची मुदत १८, मधल्या टप्प्याची ५८ आणि पहिल्या टप्प्याची १३८ ब्लॉक होते. हे अंतर मध्यस्थांच्या सुरक्षिततेसाठी असते: पुढच्याने अखेरच्या क्षणी गुपित दाखवले तरी मागच्याकडून वसुली करण्यास वेळ उरला पाहिजे. परंतु १३८ ब्लॉक म्हणजे सुमारे २३ तास. एखादा मध्यस्थ देयक हाती धरून गप्प बसला, तर अनघाची रक्कम जवळजवळ दिवसभर अडकू शकते. म्हणून कमी शुल्काचा पण लांब मुदतीचा मार्ग नेहमीच चांगला नसतो आणि आज्ञावली मुदतीलाही खर्चाचे मूल्य लावते.

अज्ञात शिल्लक आणि संभाव्यता

मार्गशोधनातील खरी अडचण शुल्काची नसून अज्ञानाची आहे. चॅनेलची एकूण क्षमता सर्वांना दिसते, परंतु कोणत्या बाजूला किती शिल्लक आहे हे केवळ त्या दोघांनाच ठाऊक असते. शिल्लक जाहीर केली तर दोन क्षणांतील फरकावरून कोणते देयक कोठून गेले हे कोणीही ताडू शकेल. शिवाय प्रत्येक देयकागणिक बदलणारी माहिती सर्व जाळ्याला कळवत राहणे व्यवहार्यही नाही. त्यामुळे नकाशावर रुंद दिसणारा रस्ता प्रत्यक्षात एका बाजूने बंद असू शकतो. देणारा प्रयत्न करतो, मध्यस्थाकडून 'तूर्त शक्य नाही' असा संदेश येतो, आणि मग दुसरा मार्ग शोधावा लागतो.

आरंभीच्या आज्ञावल्या स्वस्त मार्गापासून सुरुवात करून एकामागून एक प्रयत्न करीत. पुढे अनुभव जपण्याची सोय आली. एलएनडी या आज्ञावलीतील 'मिशन कंट्रोल' हा भाग कोणत्या चॅनेलने किती रकमेस नकार दिला हे लक्षात ठेवतो आणि त्यावरून पुढील यशाची शक्यता अजमावतो. शिल्लक सतत बदलत असल्याने जुन्या नकाराचे वजन काळाप्रमाणे घटवले जाते.

२०२१ मध्ये रेने पिकहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अज्ञानालाच गणिताचा आधार दिला. शिल्लक शून्यापासून पूर्ण क्षमतेपर्यंत कोठेही सारख्याच शक्यतेने असू शकते असे मानले, तर १०,००,००० सातोशी क्षमतेच्या चॅनेलमधून १,००,००० सातोशी जाण्याची शक्यता सुमारे ९० टक्के येते आणि ५,००,००० जाण्याची सुमारे ५० टक्के. अशी तीन अनोळखी चॅनेले ओलांडावयाची असल्यास लहान रकमेची शक्यता सुमारे ७३ टक्के राहते, मोठीची मात्र १२.५ टक्क्यांवर घसरते. मोठी देयके वारंवार का अडतात आणि लांब मार्ग का टाळावेत, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

रकमेची विभागणी

मोठी रक्कम अनेक भागांत, वेगवेगळ्या मार्गांनी पाठवण्याची सोय २०२० च्या सुमारास रुळली. सर्व भाग पोहोचेपर्यंत घेणारा गुपित उघड करीत नाही, त्यामुळे अर्धवट देयक होत नाही. वरील उदाहरणातील ५,००,००० सातोशी दोन स्वतंत्र मार्गांनी निम्मे-निम्मे पाठवल्यास प्रत्येक भागाची शक्यता सुमारे ४२ टक्के आणि दोन्ही भाग पहिल्याच प्रयत्नात पोहोचण्याची सुमारे १८ टक्के होते. शिवाय एक भाग अडल्यास तेवढाच पुन्हा पाठवावा लागतो.

मात्र किती भाग करावेत व कोणत्या मार्गाला किती द्यावे, हा प्रश्न डाइक्स्ट्रा यांच्या रीतीच्या आवाक्याबाहेरचा आहे. पिकहार्ट आणि श्टेफान रिश्टर यांनी त्याकडे 'किमान खर्चाचा प्रवाह' या जुन्या गणिती समस्येच्या दृष्टीने पाहिले. नळांच्या जाळ्यातून ठरावीक पाणी कमीत कमी खर्चात पोहोचवण्यासारखी ही समस्या आहे. तिच्यात एक अडथळा असा, की प्रत्येक व्यवहारास लागणारे ठोक मूळ शुल्क हिशेबात घेतल्यास अचूक उत्तर काढणे अतिशय कठीण होते. म्हणून मूळ शुल्क शून्य ठेवावे असा आग्रह काहींनी धरला. लहानात लहान देयकालाही मध्यस्थाची जागा व श्रम लागतातच, तेव्हा ठोक शुल्क न्याय्य आहे, असे इतरांचे म्हणणे आहे. कोअर लाइटनिंग या आज्ञावलीत २०२३ मध्ये या विचारावर आधारलेली देयकपद्धत प्रायोगिक स्वरूपात आली.

प्रमुख आज्ञावल्या आणि समान नियमावली

लाइटनिंगची कोणतीही एकच अधिकृत आज्ञावली नाही. लाइटनिंग लॅब्जची एलएनडी ही गो भाषेत, ब्लॉकस्ट्रीमच्या पुढाकाराने विकसित झालेली कोअर लाइटनिंग ही सी भाषेत, फ्रान्समधील असँक कंपनीची एक्लेअर ही स्काला भाषेत, तर इतर अनुप्रयोगांत जोडता येणारा एलडीके हा संच रस्ट भाषेत लिहिलेला आहे. या सर्वांना एकमेकांशी बोलता यावे यासाठी 'बोल्ट' नावाची क्रमांकित नियमावली आहे. तिचा चौथा भाग सीलबंद पुडक्यांविषयी आणि सातवा भाग नकाशाच्या घोषणांविषयी आहे.

पुडके कसे बांधावे हे नियमावली ठरवते, पण मार्ग कसा निवडावा हे ती सांगत नाही. निवड ही देणाऱ्याची खासगी बाब असल्याने प्रत्येक चमू आपल्या मतीप्रमाणे तीत सुधारणा करू शकतो आणि त्यासाठी इतरांच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. संदेशांचे स्वरूप बदलावयाचे असेल तेव्हा मात्र किमान दोन स्वतंत्र आज्ञावल्यांनी ते राबवून परस्परांशी जुळवून दाखवावे, असा प्रघात आहे. नव्या सुविधांना जोडीने क्रमांक दिले जातात. सम क्रमांकाचा अर्थ 'ही सुविधा सक्तीची' आणि विषम क्रमांकाचा 'न समजल्यास सोडून द्या'. त्यामुळे जुन्या आवृत्ती वापरणारे एकाएकी जाळ्याबाहेर फेकले जात नाहीत.

देखभालीचे स्वरूप

नवी पद्धत शोधण्यापेक्षा जुनी चालू ठेवणे हे या क्षेत्रातील अधिक मोठे, परंतु कमी दिसणारे काम आहे. त्याची काही अंगे पुढीलप्रमाणे आहेत.

नकाशाची निगा: बंद झालेली चॅनेले ब्लॉकचेनवरून ओळखून नकाशातून काढावी लागतात. बनावट चॅनेलांच्या घोषणांनी नकाशा फुगवता येऊ नये म्हणून प्रत्येक सार्वजनिक चॅनेलमागे खरोखर बिटकॉइन ठेवलेले आहेत का, हे पडताळावे लागते.

वेग: हजारो नोडांच्या नकाशावरील मोजणी भ्रमणध्वनीवरही क्षणात व्हावी लागते. यासाठी नकाशा स्मृतीत कसा साठवावा, कोणती चॅनेले आधीच वगळावी, याचा सतत विचार होतो. काही अनुप्रयोग नकाशाचे संक्षिप्त रूप सर्व्हरकडून घेतात. काही, 'ट्रॅम्पोलिन' पद्धतीने, मार्गशोधनाचे काम मोठ्या नकाशाच्या नोडवर सोपवतात. त्यात सोय आहे, पण काही प्रमाणात दुसऱ्यावर अवलंबून राहणेही आहे.

चाचणी: खरे पैसे न वापरता संगणकातच लहानसे खासगी बिटकॉइन जाळे उभारून निरनिराळ्या आज्ञावल्यांची गाठ घालून दिली जाते. शिल्लक संपणे, मध्यस्थ नाहीसा होणे, चुकीचा नकार येणे असे प्रसंग मुद्दाम घडवून पाहिले जातात. खऱ्या जाळ्यातील शिल्लक गुप्त असल्याने सुधारणेचा लाभ मोजणे मात्र अवघड असते. प्रयोगातील वाटप आणि वास्तवातील वाटप एकसारखे असेलच असे नाही. अनेक चॅनेलांत जवळजवळ सर्व शिल्लक एकाच बाजूला साचलेली असते. हे लक्षात घेऊन एलएनडीमध्ये २०२३ मध्ये दोन टोकांकडे झुकणाऱ्या संभाव्यतेचा पर्याय देण्यात आला.

दोष आणि त्यांतून आलेले धडे

२०१९ मध्ये एक गंभीर त्रुटी उघड झाली. चॅनेल उघडताना समोरच्याने दाखवलेल्या व्यवहारात खरोखर तेवढी रक्कम योग्य अटीवर ठेवली आहे का, हे तपासावे असे नियमावलीत स्पष्ट लिहिलेले नव्हते. परिणामी कोअर लाइटनिंग, एलएनडी आणि एक्लेअर या तिन्ही आज्ञावल्यांच्या तत्कालीन आवृत्तींत ती तपासणी अपुरी होती. खोट्या चॅनेलच्या आधारे पैसे उकळणे त्यामुळे शक्य होते. स्वतंत्रपणे लिहिलेल्या आज्ञावल्याही एकाच अपुऱ्या वाक्यामुळे एकदमच चुकू शकतात, हे यातून दिसले.

९ ऑक्टोबर २०२२ रोजी बिटकॉइनच्या जाळ्यावर असाधारण मोठा, तरीही नियमांत बसणारा एक व्यवहार नोंदवला गेला. त्यातील अट ९९९ पैकी ९९८ स्वाक्षऱ्यांची होती. एलएनडी ज्या ग्रंथालयाच्या साहाय्याने ब्लॉक वाचत असे, त्यात जुनी आकारमर्यादा राहून गेली होती. एलएनडीचे नोड त्या ब्लॉकपाशीच थबकले. देयके चालू असली तरी नवे ब्लॉक वाचता येत नसल्याने मुदती आणि फसवणुकीचे प्रयत्न यांवरची त्यांची नजर हटली होती. दुरुस्ती त्वरेने प्रसिद्ध झाली. १ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याच ग्रंथालयातील दुसऱ्या एका मर्यादेमुळे तसाच प्रसंग पुन्हा ओढवला. मार्ग कितीही चांगला निवडला, तरी खालच्या स्तरावरील एक विसरलेला आकडा संपूर्ण नोड आंधळा करू शकतो.

मर्यादा आणि वादाचे मुद्दे

संभाव्यता जाणण्यासाठी मुद्दाम अयशस्वी होणारी देयके पाठवून दुसऱ्यांच्या चॅनेलांची शिल्लक चाचपता येते. देणाऱ्याला जी माहिती यश देते, तीच मध्यस्थांची गोपनीयता कमी करते. विश्वासार्हता आणि गोपनीयता यांतील हा ताण पूर्णपणे मिटलेला नाही.

दुसरा प्रश्न अडवणुकीचा आहे. एका चॅनेलमध्ये एका वेळी मर्यादित संख्येनेच अपुरी देयके राहू शकतात. कोणी अशी देयके पाठवून मुदत संपेपर्यंत ती तशीच ठेवली, तर तो मार्ग इतरांना बंद होतो. अयशस्वी देयकाला शुल्क पडत नसल्याने हा उपद्रव स्वस्त आहे. प्रयत्नालाच अल्प शुल्क लावणे किंवा मध्यस्थांनी शेजाऱ्यांची पत पाहून जागा देणे, असे उपाय सुचवले गेले आहेत. पहिल्यात प्रामाणिक पण अयशस्वी प्रयत्नालाही भुर्दंड बसतो, तर दुसऱ्यात नवख्या नोडला पत मिळवणे कठीण जाते.

तिसरा मुद्दा केंद्रीकरणाचा. यशाची शक्यता वाढवू पाहणारी प्रत्येक आज्ञावली साहजिकच मोठ्या क्षमतेच्या चॅनेलांकडे झुकते. देयके तिकडे गेली की शुल्कही तिकडे जाते आणि मोठे नोड अधिक मोठे होतात. मध्यवर्ती कार्यालय टाळण्यासाठी जन्मलेल्या जाळ्यात मोजकेच नाके निर्माण होणे हे त्याच्या मूळ हेतूशी विसंगत आहे. त्यामुळे आज्ञावलीने क्षमतेला किती वजन द्यावे, हा केवळ तांत्रिक तपशील न राहता जाळ्याच्या भावी रचनेशी निगडित निर्णय ठरतो.

घेणाऱ्याच्या गोपनीयतेबाबत अलीकडे प्रगती झाली आहे. 'झाकलेला मार्ग' या पद्धतीत घेणारा स्वतःपर्यंतचे शेवटचे काही टप्पे आधीच कूटलिपीत बांधून देतो. देणारा त्या टप्प्यांच्या प्रवेशद्वारापर्यंतच मार्ग शोधतो आणि घेणाऱ्याचा नोड नेमका कोणता हे त्याला कळत नाही. २०२४ मध्ये नियमावलीत समाविष्ट झालेल्या बाराव्या बोल्टमधील देयक-मागणीची पद्धत याच सोयीचा आधार घेते. मात्र मार्गाचा काही भाग घेणाऱ्याने ठरवल्यामुळे तो भाग अडल्यास देणाऱ्याला पर्याय कमी उरतात, आणि अशा मार्गांच्या यशाचा अंदाज कसा बांधावा, हा आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढील नवा प्रश्न आहे.